अमर कहाणीपलीकडची छिंगलान

युद्धाच्या इतिहासात सेनापती नावानिशी येतात, क्वचित शल्यविशारदही येतात. परिचारिका मात्र बहुधा अनेकवचनात येतात. जखमींची संख्या नोंदली जाते, शस्त्रक्रियांची नोंदली जाते, पण रात्रभर जागून पट्ट्या बदलणाऱ्या हातांची मोजदाद कोणत्याही दप्तरात आढळत नाही. या सर्वसाधारण नियमाला मराठी मनात एक अपवाद आहे. एका चिनी परिचारिकेचे नाव महाराष्ट्रातील जुन्या पिढीला घरच्या माणसासारखे ठाऊक होते. ते नाव ‘चिंग लान’. १९४६ साली राजकमल कलामंदिरने ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट प्रदर्शित केला. व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची भूमिकाही स्वतःच वठविली. चिंग लान झाल्या जयश्रीबाई. पडद्यावरील हे दांपत्य प्रत्यक्षातही दांपत्यच होते, ही गोष्ट त्या काळच्या प्रेक्षकाला जशी ठाऊक होती तशीच सुखावणारीही होती. चित्रपटाच्या अखेरीस मरणासन्न डॉक्टर आपल्या पत्नीला सोलापूरच्या घराचे वर्णन ऐकवितो आणि तान्ह्या मुलाला घेऊन ती त्या घरी येते. सून सासरी आली आणि कहाणी सुफळ संपूर्ण झाली.

प्रत्यक्षातील छिंगलान मात्र चीनमध्येच राहिल्या. त्यांचा आणि डॉ. कोटणिसांचा विवाह २५ नोव्हेंबर १९४१ रोजी झाला. डॉक्टरांचे निधन ९ डिसेंबर १९४२ रोजी झाले. अवघे एक वर्ष आणि दोन आठवडे हा त्यांच्या वैवाहिक जीवनाचा काळ. पतीच्या मृत्यूसमयी त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या आणखी जवळजवळ सत्तर वर्षे जगल्या. जे वर्ष सर्वांना ठाऊक आहे ते त्यांच्या आयुष्याचा शहाण्णवावा हिस्सा होय. त्याआधी त्यांनी काय केले आणि त्यानंतर त्यांच्या वाट्याला काय आले, याची विचारपूस आपल्याकडे फारशी झाली नाही.

त्यांचे पूर्ण नाव गुओ छिंगलान. चिनी रीतीप्रमाणे आडनाव आधी येते आणि विवाहानंतर स्त्री ते बदलत नाही. मराठी लेखनात त्यांचा उल्लेख अनेकदा ‘श्रीमती कोटणीस’ असा होत आला; चीनमध्ये त्या अखेरपर्यंत गुओच राहिल्या. ‘छिंग’ म्हणजे उत्सव आणि ‘लान’ म्हणजे ऑर्किडचे फूल. १९१६ साली उत्तर चीनमधील शान्सी प्रांतात, फनयांग या गावी त्यांचा जन्म झाला. राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती आणि देश प्रांतोप्रांतीच्या लष्करी सरदारांच्या हाती विखुरला होता. मुलींचे पाय बांधण्याची चाल कायद्याने बंद झाली असली तरी खेड्यापाड्यांतून ती पुरती गेली नव्हती. अशा वेळी फनयांगसारख्या आडगावी अमेरिकन मिशनऱ्यांनी उभारलेले एक मोठे रुग्णालय होते. शान्सीतील एखाद्या मुलीने परिचारिकेचे शिक्षण घेण्याचे मनात आणावे, याला अशा संस्थांचे अस्तित्व हे एक कारण होतेच.

परिचारिकेचा पेशा तेव्हा नुकताच आकार घेत होता, चीनमध्ये आणि आपल्याकडेही. परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श करणे, त्याचे मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे, या गोष्टी कुलीन स्त्रीने करावयाच्या नव्हेत, अशी दोन्ही समाजांची धारणा होती. पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण देण्यास आरंभ केला, तेव्हा जो लोकापवाद सोसावा लागला तो मराठी वाचकाला ठाऊक आहे. चीनमध्येही हा मार्ग प्रथम मोकळा झाला तो मिशनच्या आवारातून. मात्र एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. सेवासदनात आलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी बहुतेकींना वैधव्याने तेथे आणून सोडले होते. छिंगलान यांनी हा पेशा लग्नाआधीच पत्करला होता. वैधव्य त्यांच्याकडे नंतर आले आणि आले ते या पेशाच्या वाटेवरच.

शिक्षणानंतर त्या पेइपिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, युनियन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात काम करू लागल्या. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशाने उभारलेले हे रुग्णालय त्या काळी आशिया खंडातील अत्यंत अद्ययावत रुग्णालयांपैकी एक गणले जाई. निर्जंतुक साधने, वाफेच्या भट्ट्या, इस्त्रीचे पांढरे गणवेश, इंग्रजीतून चालणारा व्यवहार, असे ते जग होते. ७ जुलै १९३७ रोजी शहराच्या वेशीवर लुगोऊ पुलाजवळ चकमक झाली, चीन-जपान युद्ध पेटले आणि काही आठवड्यांत शहर जपान्यांच्या ताब्यात गेले. रुग्णालय अमेरिकन मालकीचे असल्याने त्याच्या भिंतींच्या आत मात्र पूर्वीचीच शांतता होती. छिंगलान यांनी तेथेच राहायचे ठरविले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता.

या भिंतींपर्यंत बाहेरचे युद्ध घेऊन आली ती न्यूझीलंडहून आलेली एक मिशनरी परिचारिका, कॅथलीन हॉल. ही बाई हपेइ प्रांतातील डोंगराळ भागात एक छोटे मिशन रुग्णालय चालवीत असे. त्याच भागात कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर उपचार करीत होते. औषधे संपत आली होती, प्रशिक्षित माणसे तर नव्हतीच. बेथ्यून यांच्या विनंतीवरून कॅथलीन हॉल पेइपिंगला जाऊन औषधे आणू लागल्या आणि तेथील परिचारिकांची मनेही वळवू लागल्या. जपानी नाके चुकवून औषधांबरोबर माणसेही डोंगरात पोहोचू लागली. पुढे जपान्यांना याचा सुगावा लागला, त्यांचे मिशन जाळण्यात आले आणि त्यांना तेथून निघावे लागले. १९३९ साली या वाटेने जे गेले, त्यांत छिंगलान होत्या.

ही वाट कोठून कोठे गेली, याचा थोडा विचार करावयास हवा. आशियातील उत्कृष्ट रुग्णालयातून त्या जेथे आल्या, तेथे रुग्णालय अशी इमारतच नव्हती. शान्सी, चाहार आणि हपेइ या तीन प्रांतांच्या सीमेवरील हा गनिमी मुलूख. सेनापती न्ये रोंगझेन यांच्या आधिपत्याखाली तेथे स्वतंत्र कारभार चाले आणि चहूबाजूंनी जपानी फौजांचा वेढा असे. जखमी सैनिक शेतकऱ्यांच्या घरांतून, विटांच्या उबदार ओट्यांवर ठेवले जात. एका गावाची घरे म्हणजे एक कक्ष, दुसऱ्या गावाची म्हणजे दुसरा. गावचा सुतार कुबड्या करी, लोहार चिमटे घडवी. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरावयाच्या. जंतुनाशक संपले की मिठाचे पाणी. बेथ्यून यांनी खेचराच्या पाठीवर लादता येईल अशी लाकडी पेटी बनविली होती, तिच्यात एक लहानसा दवाखाना मावे. या पेटीला त्यांनी नाव दिले होते ‘लुगोऊ पूल’. जपानी फौज चाल करून आली की सारे रुग्णालय, रुग्णांसकट, रातोरात दुसऱ्या दरीत हलवायचे.

याच मुलखात सप्टेंबर १९३९ मध्ये आरोग्यसेवकांना तयार करणारी एक शाळा सुरू झाली. दोन महिन्यांनी, १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, बेथ्यून यांचे रक्तदोषाने निधन झाले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनले होते. पुढे शाळेला आणि तिच्या रुग्णालयाला त्यांचेच नाव देण्यात आले. या शाळेत छिंगलान परिचर्या शिकवू लागल्या. त्यांच्यापुढे बसणारी मुले-मुली बहुतांशी शेतकऱ्यांची, काही जेमतेम अक्षरओळख झालेली. त्यांना हात धुणे म्हणजे काय, न दिसणारा जंतू म्हणजे काय, जखम उघडताना आधी कोणती वस्तू हाती घ्यावयाची, हे शिकवावयाचे होते. बेथ्यून यांच्या नावाभोवती पुढे मोठी पुण्याई जमली. परंतु परदेशी शल्यविशारद आला आणि गेला, तरी त्याच्यामागे डोंगरात जे ज्ञान टिकले ते अशा शिकविणाऱ्यांमुळे टिकले, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही.

इकडे भारतातून निघालेला दुसरा धागाही याच डोंगराकडे येत होता. १९३७ च्या अखेरीस सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला, रुग्णवाहिका घेण्यात आली आणि पाच डॉक्टरांचे पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून निघाले. अलाहाबादचे अटल पथकाचे प्रमुख. नागपूरचे वयोवृद्ध चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. पाचांत दोघे महाराष्ट्रातील. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. मुंबईच्या गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील शिक्षणाच्या तयारीत होते. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे संस्थापक तान युनशान यांनी पाचही जणांच्या नावांना ‘ह्वा’ हे अक्षर जोडून त्यांची चिनी नावे सिद्ध केली. ‘ह्वा’ म्हणजे चीन. द्वारकानाथ कोटणीस झाले ‘ख दिह्वा’. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. वडील वारल्याची बातमी कोटणिसांना चीनमध्येच मिळाली. ते परत फिरले नाहीत. पथकातील इतर जण एकेक करून मायदेशी परतले.

बेथ्यून यांची समाधी थांग परगण्यात बांधून पुरी झाली आणि जून १९४० मध्ये तिचा उद्घाटन समारंभ झाला. छिंगलान आणि कोटणीस यांची पहिली भेट या समारंभात झाली. एका परदेशी डॉक्टरच्या समाधीपाशी दुसरा परदेशी डॉक्टर सैनिकी गणवेशात उभा होता आणि तो चिनी बोलत होता, लिहीतही होता. ही गोष्ट तेव्हा सामान्य नव्हती. बेथ्यून यांना अखेरपर्यंत दुभाष्याची गरज लागली. कोटणिसांनी भाषा कष्टाने आत्मसात केली होती. छिंगलान यांच्या आठवणींत या भाषेला मोठे स्थान आहे. परिचारिकेच्या दृष्टीने पाहिले तर ते साहजिकच वाटते. जो डॉक्टर रुग्णाशी थेट बोलू शकतो त्याच्याबरोबर काम करणे आणि दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याबरोबर काम करणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. हिंदी चित्रपटाने या भेटीला गाण्यांची जोड दिली. वास्तवातील पार्श्वभूमी एका समाधीची होती.

त्याच वर्षीच्या उत्तरार्धात आठव्या मार्ग सेनेने ‘शंभर पलटणींची मोहीम’ या नावाने ओळखले जाणारे मोठे आक्रमण केले. कोटणीस आघाडीवर होते. तेरा दिवसांत त्यांच्या पथकाकडे आठशेहून अधिक जखमी आले आणि त्यांतील पाचशेहून अधिकांवर शस्त्रक्रिया झाल्या. हा आकडा त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो आणि तो यावयासही हवा. परंतु पाचशे शस्त्रक्रियांच्या मागे पाचशे जखमा रोज उघडून धुतल्या जातात, शेकडो माणसांना पाणी पाजावे लागते, कुशीवर वळवावे लागते, ताप मोजावा लागतो आणि ज्यांचा काही उपाय उरला नाही अशांजवळ कोणीतरी बसावे लागते. या कामाचा आकडा कोठे नाही. छिंगलान यांनी शिकविलेली मुले याच कामासाठी तयार होत होती.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले प्रमुख झाले. शाळेतही ते शिकवीत. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत जपान्यांनी या मुलखावर प्रचंड मोठी चढाई केली. ‘सर्व मारा, सर्व जाळा, सर्व लुटा’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या धोरणाचा तो काळ. चढाईचा जोर ओसरल्यावर, नोव्हेंबरअखेर, शाळा जेथे होती त्या गकुंग गावात दोघांचा विवाह झाला. सोलापूरच्या ब्राह्मण घरातील मुलगा आणि शान्सीतील चिनी मुलगी, असा हा विवाह. दोघांपैकी एकाचेही गोत त्याला उपस्थित नव्हते. आंतरजातीय विवाहालाही वर्तमानपत्रातून बातमी होण्याचा मान मिळावा अशा त्या काळात महाराष्ट्रात या विवाहाने केवढी खळबळ माजली असती, याची कल्पना करता येते. डोंगरातल्या त्या गावाला मात्र धान्य आणि बंदुका यांचीच चिंता अधिक होती.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये यांनी त्याचे नाव सुचविले: ‘यिनह्वा’. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. पित्याच्या चिनी नावातील शेवटचे अक्षर असे मुलाकडे आले. हे नाव फार सुंदर आहे आणि फार जडही आहे. दोन देशांची मैत्री एका तान्ह्या बाळाच्या नावात बांधून ठेवण्यात आली होती. पुढे त्या मैत्रीला तडे गेले तेव्हा ते नाव धारण करणारा मुलगा वीस वर्षांचा होता.

कोटणिसांना अपस्माराचे झटके येत असत. अपुरे अन्न, अपुरी झोप आणि सततची धावपळ यांत ते बळावत गेले. दुखणे असतानाही ते शस्त्रक्रियाशास्त्रावरील पाठ्यपुस्तक लिहीत होते. १९४२ चे वर्ष या मुलखाला दुष्काळाचेही गेले. छिंगलान यांची अवस्था या काळात दुहेरी होती. पत्नी म्हणून त्या जे पाहत होत्या त्याचा वैद्यकीय अर्थ परिचारिका म्हणून त्यांना कळत होता आणि त्यावर इलाज करण्याची साधने त्या मुलखात नव्हती. पेइपिंगच्या रुग्णालयात जी औषधे कपाटात असत, ती येथे वेढ्यापलीकडे होती. ९ डिसेंबरच्या पहाटे झटके आवरले नाहीत. कोटणीस बत्तीस वर्षांचे होते; मूल एकशे आठ दिवसांचे. बेथ्यून यांच्या समाधीजवळ त्यांना मूठमाती देण्यात आली. माओ झेडाँग यांनी शोकसंदेश लिहिला. झोउ एन्लाय यांनी कोटणीस कुटुंबाला पत्र पाठविले.

येथून पुढे छिंगलान यांच्या आयुष्याला दोन देशांत दोन निरनिराळ्या कथा जोडल्या गेल्या. भारतात ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यातून चित्रपट उभा राहिला. चित्रपटकर्त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्या वेळी दोन्ही देशांत टपालसुद्धा धड चालत नव्हते आणि एका प्रेक्षकवर्गाला जवळचा वाटेल असा शेवट त्यांना हवा होता. पण त्या शेवटाने एक परिणाम झाला. विधवा सून पतीच्या घरी परतली, एवढ्यावर मराठी मन समाधान पावले आणि पुढचा प्रश्नच उरला नाही. जी स्त्री स्वतःच्या निर्णयाने पेइपिंगचे रुग्णालय सोडून डोंगरात गेली होती, तिचे सारे कर्तृत्व पतीमागे सासरी येण्यात विरून गेले. चीनमध्ये उलट बाजूने तेच घडले. तेथे त्या हुतात्म्याच्या पत्नी झाल्या. हुतात्म्याच्या पत्नीला मान मोठा, परंतु त्या मानाला स्वतःचा आवाज असतोच असे नाही.

१९४९ साली चीनमध्ये नवी राजवट आली. कोटणिसांचे अवशेष पुढे शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत हलविण्यात आले. छिंगलान ईशान्येकडील समुद्रकाठच्या ताल्येन शहरात स्थायिक झाल्या. कालांतराने त्यांनी पुनर्विवाह केला, त्यांना मुले झाली. भारतातील लेखनात ही गोष्ट बहुधा एका ओळीत उरकली जाते किंवा गाळली जाते. ज्या महाराष्ट्राने विधवाविवाहासाठी अर्धे शतक वाद घातला, कर्व्यांना वाळीत टाकले आणि मग त्यांनाच महर्षी म्हटले, त्याने आपल्या या सुनेच्या पुनर्विवाहापाशी येताच नजर दुसरीकडे वळवावी, हे विचित्र खरे. त्यांनी मात्र पहिल्या पतीचे नाव सांभाळण्यात आणि पुढचे आयुष्य जगण्यात विरोध मानला नाही. कोटणिसांच्या सोलापूर-मुंबईच्या आप्तांशी त्यांनी नाते राखले. त्या भारतात अनेकदा येऊन गेल्या. डॉक्टरांच्या बहिणींच्या लेखी त्या वहिनीच होत्या.

पन्नाशीच्या दशकात ‘हिंदी-चिनी भाई भाई’च्या घोषणांत हे नाते सहज शोभले. १९६२ च्या युद्धानंतर सारेच बदलले. भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या हजारो माणसांना, त्यांतील कित्येक पिढ्यान्पिढ्या येथे वाढलेली असताना, राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. सोळा वर्षांपूर्वी ज्या देशाने चिंग लानसाठी डोळे पुसले होते, त्याच देशात चिनी चेहरा हा संशयाचा विषय झाला. चीनमध्येही भारताशी नाते सांगणे सोयीचे राहिले नाही. दोन्ही बाजूंना ज्याचे नावच दोन्ही देशांनी बनले होते असा मुलगा तेव्हा मोठा होत होता. यिनह्वा वैद्यकशास्त्र शिकू लागला. पित्याचा वारसा चालविण्याची त्याच्याकडून अपेक्षा होती, आणि ती बोलून दाखवायचीही आवश्यकता नव्हती.

१९६६ साली सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला. पुढच्याच वर्षी, पदवी हाती पडण्याच्या सुमारास, पंचविशीच्या उंबरठ्यावर, यिनह्वाचा मृत्यू झाला. उपचारांतील हयगय त्याला कारण झाली. डोंगरात औषधाविना पती गेला, याचे दुःख समजू शकते. युद्ध होते, वेढा होता. मुलगा गेला तो शांततेच्या काळात, रुग्णालये आणि औषधे असताना, आणि तोही डॉक्टर होता होता. आयुष्यभर दुसऱ्यांना काळजी घेण्याचे शिक्षण दिलेल्या परिचारिकेच्या वाट्याला हे यावे, याहून कठोर गोष्ट तिच्या चरित्रात दुसरी नाही. चित्रपटात कडेवरून सोलापूरला आलेले ते बाळ मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात बाळच राहिले. ते वाढले, शिकले आणि वारले, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल.

१९७६ साली दोन्ही देशांत पुन्हा राजदूत नेमले गेले. त्याच वर्षी शिजियाझुआंगच्या रुग्णालयात कोटणीस स्मारक दालन उघडण्यात आले. हा योग निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही; राष्ट्रांना मैत्री जुळवावयाची असली म्हणजे त्यांना मृतांची आठवण होते. १९८२ मध्ये चिनी टपाल खात्याने कोटणिसांची तिकिटे काढली, चीनमध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला. भारताचे तिकीट १९९३ मध्ये आले. आता छिंगलान यांना दोन्हीकडून निमंत्रणे येऊ लागली. एखादा चिनी नेता भारतात यायचा असला अथवा भारतीय नेता चीनला जायचा असला की कोटणिसांचे नाव निघे आणि मग त्यांचेही. नोव्हेंबर २००६ मध्ये चीनचे अध्यक्ष हू चिंताओ भारतभेटीस आले तेव्हा नव्वद वर्षांच्या छिंगलान त्यांच्या समवेत होत्या. छायाचित्रांत दिसते ती पांढऱ्या केसांची, ताठ बसलेली वृद्धा. पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका वर्षाची प्रतिनिधी म्हणून तिला दोन्ही राष्ट्रांनी समोर आणले होते.

त्यांच्या आठवणींचे पुस्तकही याच सुमारास इंग्रजीतून भारतीय वाचकांपर्यंत आले. ‘कोटणिसांबरोबरचे माझे जीवन’ असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ. पुस्तकाच्या नावातही पती आधी आहे. तरीसुद्धा ‘माझे’ हा शब्द तेथे प्रथमच आला, आणि तो त्यांनी स्वतः उच्चारलेला आहे. त्याआधी साठ वर्षे त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते इतरांनी लिहिले होते. महाराष्ट्राच्या परंपरेत रमाबाई रानडे, बाया कर्वे, लक्ष्मीबाई टिळक यांनी थोर पतींच्या निमित्ताने लेखणी हाती घेतली आणि पाहता पाहता स्वतःचे चरित्र लिहून गेल्या. छिंगलान यांच्या पुस्तकाला तसे साहित्यिक यश लाभले, असे म्हणता येणार नाही. तथापि त्या पंक्तीशी त्याचे नाते आहे. मराठीत त्या दृष्टीने ते वाचले गेले पाहिजे.

ज्या शाळेत त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना परिचर्या शिकविली, ती शाळा युद्धानंतर वाढत गेली. चांगचुन येथे ती बेथ्यून वैद्यकीय विद्यापीठ या नावाने नामांकित झाली आणि २००० साली चीलिन विद्यापीठात विलीन झाली. रुग्णालय शिजियाझुआंगमध्ये मोठे झाले. त्याच शहरात १९९२ साली कोटणिसांच्या चिनी नावाने एक वैद्यकीय शाळा निघाली, आणि तेथून बाहेर पडणारे परिचर्येचे विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. पुतळा डॉक्टरांचा आहे. शपथ घेणारे हात छिंगलान यांच्या पेशाचे आहेत.

सोलापुरात कोटणिसांच्या राहत्या घराचे स्मारकात रूपांतर करण्यात आले आणि १ जानेवारी २०१२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. चित्रपटातील चिंग लान जेथे येऊन पोहोचली होती, ते हे घर. छिंगलान तेव्हा ताल्येनमध्ये होत्या. त्याच वर्षी २८ जून रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. पुढल्या मे महिन्यात चीनचे पंतप्रधान ली खछियांग मुंबईत आले आणि प्रघाताप्रमाणे कोटणीस कुटुंबाला भेटले. कुटुंबातर्फे डॉक्टरांची वृद्ध बहीण उपस्थित होती.